हार्मोन रक्तात आहे, पण मोकळं आहे का?

घरातला तरुण मुलगा जिमला जायला लागला की थोड्याच दिवसांत त्याच्या बोलण्यात नवे शब्द येतात. प्रोटीन, क्रिएटिन, बल्क, कट आणि मग हळूच टेस्टोस्टेरॉन. एखाद्या दिवशी तो मोबाइलवरून तपासणीचं पॅकेज बुक करतो. रिपोर्ट येतो आणि टेस्टोस्टेरॉनच्या रकान्यातला आकडा खालच्या मर्यादेजवळ दिसतो. मुलगा हिरमुसतो. जिममधलं कोणीतरी कानात सांगतं, "काळजी कशाला? एक कोर्स कर, दोन महिन्यांत फरक बघ."

तुमच्या घरात असं घडत असेल तर इथेच थांबा. त्या रकान्यातला आकडा खोटा नसतो, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी गोष्ट रक्तातल्या काही प्रोटीन्सच्या हातात असते. ही प्रोटीन्स हार्मोनला घट्ट धरून ठेवतात आणि गरजेप्रमाणे सोडतात. ती समजून घेतली नाहीत तर निरोगी माणूस स्वतःला आजारी समजतो आणि खरा आजार मात्र नजरेतून सुटतो.

खिशातली रोकड आणि बँकेतली ठेव

टेस्टोस्टेरॉन हे स्निग्ध जातीचं हार्मोन आहे. तेल पाण्यात मिसळत नाही, तसंच हेही रक्ताच्या पाणीदार भागात सहज विरघळत नाही. त्यामुळे त्याला प्रवासासाठी वाहन लागतं. हे काम मुख्यतः दोन प्रोटीन्स करतात आणि दोन्ही यकृतात तयार होतात. एक आहे अल्ब्युमिन. दुसऱ्याचं नाव सेक्स हार्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन, थोडक्यात एसएचबीजी.

तुमच्या घरखर्चाच्या पैशांशी याची तुलना करून पाहा. एसएचबीजीने पकडलेलं हार्मोन म्हणजे मुदत ठेव. ते तुमचंच असतं, पण लगेच हाताला लागत नाही. अल्ब्युमिनला चिकटलेलं हार्मोन म्हणजे बचत खातं. पकड सैल असल्यामुळे ते लवकर सुटतं. खिशातली रोकड म्हणजे मोकळं हार्मोन. पेशीत शिरून काम करतं ते मुख्यतः हेच. पुरुषांच्या रक्तातल्या एकूण टेस्टोस्टेरॉनपैकी मोकळं असतं ते साधारण २ टक्के. स्त्रियांमध्ये एसएचबीजी जास्त असल्यामुळे हे प्रमाण आणखी थोडं कमी असतं.

म्हणजे साध्या तपासणीत जो 'टोटल' आकडा येतो, त्यात ठेव, बचत आणि रोकड अशा सगळ्यांची बेरीज असते. दोन माणसांची बेरीज सारखी असूनही एकाच्या खिशात भरपूर आणि दुसऱ्याच्या खिशात जेमतेम पैसे असू शकतात.

ही प्रोटीन्स काही शत्रू नाहीत. ती नसती तर हार्मोन लवकर शरीराबाहेर गेलं असतं आणि रक्तातली पातळी सतत वरखाली होत राहिली असती. ठेव आहे म्हणूनच महिनाअखेरीला घर चालतं.

थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे माहीत आहे

ही कल्पना तुम्हाला नवीन वाटेल, पण बहुतेक घरांत ती आधीच पोहोचली आहे. थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये टीएसएचच्या खाली एफटी-४ असं लिहिलेलं पाहिलंय ना? त्यातला एफ म्हणजे फ्री, मोकळं. थायरॉक्सिन या हार्मोनच्या १०,००० भागांपैकी जेमतेम ३ भाग मोकळे असतात. बाकी सगळं प्रोटीन्सनी धरून ठेवलेलं असतं.

गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, तसं थायरॉक्सिन वाहणारं प्रोटीनही वाढतं. परिणामी एकूण थायरॉक्सिनचा आकडा नेहमीच्या सुमारे दीडपट होतो. फक्त हा आकडा पाहिला तर बाईला थायरॉइडचा आजार झालाय असं वाटेल. प्रत्यक्षात तिच्या शरीरात सगळं सुरळीत असतं. म्हणूनच डॉक्टर टीएसएच आणि मोकळं थायरॉक्सिन पाहतात. थायरॉइडच्या बाबतीत आपण जे सहज मान्य केलं, तेच टेस्टोस्टेरॉनच्या बाबतीत विसरतो.

एका घरातले तीन रिपोर्ट

समजा, एका घरातल्या तिघांनी तपासणी केली आणि तिघांचंही एकूण टेस्टोस्टेरॉन मोजलं गेलं.

पहिला रिपोर्ट मुलाचा. वय २६, वजन जास्त, पोट सुटलेलं. त्याचं एकूण टेस्टोस्टेरॉन कमी आलं. वाढलेल्या वजनामुळे आणि इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्यामुळे यकृत एसएचबीजी कमी बनवतं. ठेव आटली की बेरीजही कमी दिसते, पण रोकड ठीक असू शकते. अशा मुलाला हार्मोनचं इंजेक्शन देण्याआधी त्याची साखर, चरबी आणि यकृत तपासायला हवं. कमी एसएचबीजी हे अनेकदा पुढे येऊ शकणाऱ्या मधुमेहाची आधीच वाजलेली घंटा असते.

दुसरा रिपोर्ट मुलीचा. पाळी अनियमित, हनुवटीवर केस, चेहऱ्यावर मुरमं. एकूण टेस्टोस्टेरॉन मात्र नॉर्मल. घरचे म्हणतात, "बघ, काही नाही, तू उगाच टेन्शन घेतेस." पण पीसीओएसमध्ये एसएचबीजी अनेकदा घसरलेलं असतं. त्यामुळे बेरीज नॉर्मल असूनही मोकळं टेस्टोस्टेरॉन जास्त असू शकतं. तिचा त्रास खरा आहे, आकडा अपुरा आहे. वजन जास्त असेल तर ते थोडं कमी केल्यावरही एसएचबीजी वर येतं आणि अनेक मुलींची पाळी सुधारते.

तिसरा रिपोर्ट बाबांचा. वय ६८, थकवा, पायांतली ताकद कमी. एकूण टेस्टोस्टेरॉन नॉर्मल. वयाबरोबर पुरुषांमधलं एसएचबीजी वाढत जातं. म्हणजे ठेव फुगते आणि रोकड कमी होते. थायरॉइड जास्त काम करत असेल किंवा यकृताचा सिरॉसिस असेल तरीही एसएचबीजी वाढतं. त्यांच्या बाबतीत बेरीज पाहून 'सगळं छान आहे' असं म्हणून मोकळं होणं चुकीचं ठरू शकतं.

तीन माणसं, तीन आकडे आणि तिघांचाही पहिला अर्थ फसवा. फरक केला तो पकडून ठेवणाऱ्या प्रोटीनने.

शरीर स्वतः हिशेब ठेवतं

आता तुमच्या मनात येईल, मग एसएचबीजी कमी करणारी एखादी गोळी घेतली तर? ठेव मोडायची, रोकड वाढवायची. 'फ्री टेस्टोस्टेरॉन वाढवा' असं लिहिलेल्या कॅप्सूल याच तर्कावर विकल्या जातात.

पण मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं लक्ष मोकळ्या हार्मोनवर असतं. ते वाढलं की ती वृषणांना पाठवला जाणारा आदेश कमी करते आणि नवं उत्पादन घटतं. कमी झालं की आदेश वाढवते. निरोगी शरीरात खिशातली रोकड अशी सांभाळली जाते.

याचं एक विलक्षण उदाहरण २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी मांडलं. जनुकातल्या दोषामुळे एका तरुणाच्या रक्तात एसएचबीजी सापडतच नव्हतं. त्याचं एकूण टेस्टोस्टेरॉन खूप कमी होतं. पण मोकळं टेस्टोस्टेरॉन नॉर्मल होतं. त्याची पौगंडावस्थेतली वाढ आणि शुक्राणूंची निर्मितीही नॉर्मल झाली होती. ठेव जवळपास शून्य, तरी घर चाललं होतं.

गोखरूच्या, म्हणजे सराट्याच्या अर्काच्या गोळ्याही टेस्टोस्टेरॉन वाढवणाऱ्या म्हणून खपतात. ऑस्ट्रेलियातल्या रग्बी खेळाडूंना त्या ५ आठवडे देऊन पाहिल्या गेल्या. २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोळी घेणारे आणि नुसती दिखाऊ गोळी घेणारे यांच्या ताकदीत फरक पडला नाही.

वाढीचं हार्मोनही एकटं फिरत नाही

टेस्टोस्टेरॉननंतर जिममध्ये चर्चा असते ती ग्रोथ हार्मोन आणि आयजीएफ-१ची. ग्रोथ हार्मोन यकृताला आयजीएफ-१ बनवायला लावतं आणि त्यातून हाडं, स्नायू वाढायला मदत होते. या आयजीएफ-१ला धरणारी ६ मुख्य प्रोटीन्स आहेत. त्यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. रक्तातलं बहुतेक आयजीएफ-१ या तिसऱ्या प्रोटीनसोबत आणि आणखी एका जोडीदारासोबत तिघांचं टोळकं करून फिरतं. मोकळं राहतं ते १ टक्क्याहूनही कमी.

मोकळं आयजीएफ-१ काही मिनिटांतच रक्तातून नाहीसं होतं. टोळक्यात असेल तर कित्येक तास टिकतं. गरज असेल तिथे काही एन्झाइम्स हे प्रोटीन कापतात आणि हार्मोन मोकळं होतं. म्हणजे पकड आणि सुटका दोन्ही शरीराच्या ताब्यात असतात.

याचा उपयोग मुलांच्या डॉक्टरांना होतो. ग्रोथ हार्मोन दिवसभर झटक्याझटक्याने सुटतं, त्यामुळे एका वेळच्या रक्तातून फारसं कळत नाही. आयजीएफ-१ आणि त्याला धरणारं तिसरं प्रोटीन यांची पातळी मात्र दिवसभर बरीच स्थिर असते. म्हणून उंची खुंटलेल्या मुलाच्या तपासणीत या दोन्हींचा आधार घेतात. मूल पुरेसं जेवत नसेल तर आयजीएफ-१ घसरतं, हेही पालकांनी लक्षात ठेवावं. उंचीच्या पावडरीआधी ताटाकडे बघायला हवं.

आणखी एक गोष्ट. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले, ज्यांचं यकृत आयजीएफ-१ बनवूच शकत नव्हतं. त्यांच्या रक्तातली पातळी सुमारे पाऊण भागाने खाली आली. तरीही ते जवळजवळ इतर उंदरांसारखेच वाढले. कारण स्नायू आणि हाडं आपल्यापुरतं आयजीएफ-१ जागच्या जागी बनवतात. रक्तातला आकडा आणि स्नायूतलं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

स्नायूंना लगाम घालणारं प्रोटीन

आतापर्यंत आपण स्नायू वाढवणाऱ्या हार्मोन्सना धरून ठेवणारी प्रोटीन्स पाहिली. शरीरात याच्या उलट व्यवस्थाही आहे. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात से-जिन ली आणि अलेक्झांड्रा मॅकफेरॉन यांनी मायोस्टॅटिन शोधून काढलं. ते स्नायूंना सांगतं, 'आता पुरे, आणखी वाढू नका.' ज्या उंदरांमध्ये ते नव्हतं, त्यांचे स्नायू दुप्पट-तिप्पट झाले. बेल्जियन ब्लू जातीच्या गाईबैलांचे फुगीर स्नायू याच जनुकातल्या बिघाडामुळे असतात, हेही त्याच वर्षी कळलं. या लगामाचं महत्त्व बघा. त्या गाईंना बाळंतपण इतकं जड जातं की अनेकदा सिझेरियन करावं लागतं.

मायोस्टॅटिन बहुतांश वेळ बांधलेल्या, निष्क्रिय अवस्थेत असतं. त्याला पकडणारं एक प्रोटीन म्हणजे फॉलिस्टॅटिन. २००१ मध्ये ज्या उंदरांच्या स्नायूंत फॉलिस्टॅटिन जास्त बनेल अशी सोय केली, त्यांचेही स्नायू प्रचंड वाढले. ही बातमी बाहेर आली आणि फॉलिस्टॅटिनच्या नावाने पावडरी विकायला आल्या. पण तोंडावाटे घेतलेलं प्रोटीन पोटात पचतं आणि त्याचे तुकडे होतात. म्हणूनच मधुमेहाचं इन्सुलिन आपण टोचून घेतो, चमच्याने पीत नाही. फॉलिस्टॅटिनची पावडर खाऊन स्नायूंचा लगाम सुटेल ही आशा तिथेच संपते.

इंजेक्शनचा खरा हिशेब

प्रामाणिकपणे सांगायचं तर टेस्टोस्टेरॉनचे मोठे डोस स्नायू वाढवतात. १९९६ मध्ये अमेरिकेत डॉ. शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांनी ४३ पुरुषांवर केलेला १० आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कित्येक पट जास्त टेस्टोस्टेरॉन देऊन व्यायाम करवून घेतला, तेव्हा चरबी सोडून शरीराचं वजन सरासरी ६ किलोने वाढलं. मुलांना 'याने काहीच होत नाही' असं सांगितलं तर ते आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत. म्हणून खरी किंमत काय ते सांगा.

बाहेरून एवढं हार्मोन आलं की पकडणाऱ्या प्रोटीनच्या जागा भरून जातात. त्यात असे डोस एसएचबीजीही खाली आणतात. मोकळं हार्मोन बेलगाम वाढतं. मेंदूला वाटतं, आता भरपूर आहे. तो वृषणांना जाणारे आदेश बंद करतो. वृषणं आकसतात आणि शुक्राणू बनणं थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेने हेच इंजेक्शन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिलं होतं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत निम्म्याहून जास्त पुरुषांच्या वीर्यात काही महिन्यांत एकही शुक्राणू उरला नव्हता. मर्दानगी वाढेल म्हणून मुलं जे टोचून घेतात, ते प्रत्यक्षात बाप होण्याचा रस्ता अडवतं. बंद केल्यावर बहुतेकांची निर्मिती परत सुरू होते, पण त्याला महिनोन्महिने लागू शकतात.

याशिवाय रक्त दाट होतं, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं आणि हृदयावर ताण येतो. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन बनतं आणि मुलांच्या छातीत गाठी येतात. वाढीच्या वयात घेतलं तर हाडांची टोकं लवकर बंद होऊन उंची थांबते. मुलींनी घेतलं तर घोगरा झालेला आवाज कायमचा राहू शकतो. मुलगा आधीच घेत असेल तर रागावून एकदम बंद करायला लावू नका. त्याला विश्वासात घ्या आणि डॉक्टरांकडे न्या.

मग स्नायू वाढतात कशाने?

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ४९ तरुणांनी १२ आठवडे वजनं उचलली. त्यांच्या रक्तातली टेस्टोस्टेरॉन, ग्रोथ हार्मोन आणि आयजीएफ-१ची पातळी मोजली गेली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की, व्यायामानंतर हार्मोन किती वाढलं आणि स्नायू किती वाढले यांचा संबंध नव्हता. नॉर्मल पातळीच्या आत कोणाचा आकडा थोडा वर, कोणाचा थोडा खाली असल्याने फारसं बिघडत नाही. स्नायूवर पडणारा ताण, अन्न आणि विश्रांती हेच मुख्य.

*   आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम करा आणि वजन हळूहळू वाढवा. बाबांसाठी खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं ही चांगली सुरुवात आहे.
*   भारतीय आहारमानकांनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. जड व्यायाम करणाऱ्याला दर किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो. डाळ, उसळ, सोयाबीन, दही, पनीर, अंडी, मासे यांतून ते मिळू शकतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.
*   ताटातलं प्रोटीन आणि हार्मोनला धरणारं प्रोटीन यांत गल्लत करू नका. पावडर जास्त खाल्ल्याने एसएचबीजी तुमच्या मनासारखं बदलत नाही.
*   झोप पुरेशी घ्या. रात्रभर जागून मोबाइल पाहणाऱ्याचं सकाळचं टेस्टोस्टेरॉन कमी येण्यात नवल नाही.

तपासणी करायचीच असेल तर

कामेच्छा घटणं, मूल न होणं, दाढीमिशा विरळ होणं, कारणाशिवाय ताकद जाणं अशी लक्षणं असतील तर तपासणी जरूर करा. फक्त दंड हवे तसे दिसत नाहीत म्हणून करू नका. रक्त सकाळी, उपाशीपोटी द्या. ताप किंवा आजारपणात देऊ नका. आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशीची तपासणी पुन्हा करा, एका रिपोर्टवर निदान होत नाही. आकडा सीमारेषेवर असेल किंवा लठ्ठपणा, मधुमेह, यकृत अथवा थायरॉइडचा त्रास असेल, तर एसएचबीजी आणि अल्ब्युमिनही मोजायला सांगा. या तिन्ही आकड्यांवरून मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा हिशेब मांडता येतो. स्वस्तातल्या थेट 'फ्री टेस्टोस्टेरॉन' किटपेक्षा तो जास्त भरवशाचा असतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर ते आधी सांगा, कारण त्यामुळे काही हार्मोन तपासण्यांचे आकडे चुकतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण त्यांनी एसएचबीजी वाढतं.

रिपोर्ट हातात आला की ठळक अक्षरातल्या एका आकड्यावर अडकू नका. तो घेऊन हार्मोनतज्ज्ञांकडे जा आणि साधा प्रश्न विचारा, "यातलं मोकळं किती आहे आणि ते तसं का आहे?" या प्रश्नाच्या उत्तरातून मुलाचं इंजेक्शन टळू शकतं, मुलीच्या तक्रारीला न्याय मिळू शकतो आणि बाबांच्या थकव्याचं खरं कारण सापडू शकतं.